आधी पाणी, मग गार्नेट: कार्बन फायबरच्या एका लॉटमधे ठराविक होललाच थर का सुटत होते

लॉट छोटाच होता, २० पॅनल. कार्बन फायबर आणि इपॉक्सीचं लॅमिनेट, जाडी ६.४ मिमी, म्हणजे ०.२ मिमीचे ३२ थर, दिशा फिरवत फिरवत एकावर एक चिकटवलेले. प्रत्येक पॅनलमधे मधोमध एक मोठी लंबगोल खिडकी, चारही बाजूंची कड ट्रिम आणि कडेकडेने ८ मिमीचे १४ होल. सगळं ॲब्रेसिव्ह वॉटरजेटवरच करायचं ठरलं होतं, म्हणजे प्रचंड दाबाच्या पाण्यात गार्नेटची बारीक वाळू मिसळून त्या धारेने, जेटने, कापायचं. आमचं मशीन तोवर मुख्यतः स्टील आणि ॲल्युमिनियम कापायचं, कंपोझिट अधूनमधून यायचं पण ते फक्त कड ट्रिम करायला, म्हणजे जेट बाहेरून चालू करून मग मालात शिरायचं. मालाच्या मधोमध जेट मारून भोक पाडायचं काम या लॉटलाच पहिल्यांदा आलं, आणि हे वाक्य मी आत्ता इतक्या सहज लिहितोय पण तेव्हा हा फरक कुणाच्या डोक्यात पण आला नव्हता.

वॉटरजेट का, ड्रिल का नाही, असं कुणी विचारेल म्हणून सांगतो. कार्बन फायबर ड्रिलची धार बघता बघता खाऊन टाकतं, धार गेली की ड्रिल कापायच्या ऐवजी ढकलायला लागतं आणि खालचा शेवटचा थर उचकटतो, वर काळी बारीक धूळ सगळीकडे. जेटला धार जायचा प्रश्न नाही, मालावर जोर फार कमी येतो, उष्णता लागत नाही म्हणून रेझिन करपत नाही, धूळ पाण्यातच बसते. बोइंग ७८७ च्या ढाच्यात वजनाने निम्मं कंपोझिट आहे, आणि अशा मोठ्या पार्टच्या कडा ट्रिम करायला वॉटरजेट सर्रास वापरतात. त्यामुळे कस्टमर पण निवांत होता आणि आम्ही पण.

पार्ट गेले, आणि चौथ्या दिवशी फोन आला. काही होलभोवती वरचा पृष्ठभाग किंचित फुगलाय, अल्ट्रासॉनिक तपासणीत डिलॅमिनेशन, म्हणजे थर सुटलेले, दिसतंय, लॉट परत पाठवतोय. सोबत त्यांच्या क्वालिटीवाल्यांनी कारण पण देऊन टाकलं, फीड, म्हणजे कापताना जेट पुढे सरकायचा वेग, जास्त ठेवलाय तुम्ही.

फीड हा शब्द ऐकला की सगळ्यांना हायसं वाटतं असं माझं मत झालंय, कारण स्क्रीनवर तोच एक आकडा सगळ्यात मोठा दिसतो आणि तो कमी करणं सगळ्यात सोपं असतं. मी पण तेच केलं. उरलेल्या लॅमिनेटच्या तुकड्यावर फीड निम्मा केला, मग पाव केला, दोन दिवस यातच गेले. कड गुळगुळीत झाली, भिंतीवरच्या तिरप्या रेघा गेल्या, भिंतीचा उतार, म्हणजे टेपर, कमी झाला, आणि होलभोवतीचा फुगवटा तसाच! म्हणजे फीडने जे सुधारतं ते सगळं सुधारलं, आणि आम्हाला जे हवं होतं ते जागच्या जागी.

मशीनवर काका असतात, वयाने आणि अनुभवाने माझ्या दुप्पट. मला साहेब म्हणतात पण सुरात पुतण्याला हाक मारल्यासारखंच असतं ते. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "साहेब, फीडमुळे झालं असतं तर सगळ्याच होलला झालं असतं ना. फीड काय होल बघून बदलतो का?"

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती हे मान्य करतो. मग परत आलेले २० च्या २० पॅनल टेबलावर घेतले आणि एकेक होल तपासायला बसलो. आमच्याकडे अल्ट्रासॉनिक नाही, पण नाणं आहे. नाण्याच्या कडेने होलभोवती टकटक करत जायचं, चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेला असेल तिथे बद्द. मडकं वाजवून घेतात तसंच. पहिला अर्धा तास काही कळत नाही, मग कान तयार होतो आणि मग इतका स्पष्ट फरक ऐकू येतो की आधी कसं कळत नव्हतं असं वाटतं. काका टकटक करायचे आणि मी वहीत फुली मारायचो.

२० गुणिले १४, एकूण २८० होल. खराब निघाले ७०. आणि ते कसेही विखुरलेले नव्हते. पॅनलवर होल चार झुबक्यांत आहेत, कापायच्या क्रमाने १ ते ४, ५ ते ७, ८ ते ११ आणि १२ ते १४. खराब ७० पैकी ६७ होल हे नंबर १, ५, ८ किंवा १२ होते, म्हणजे प्रत्येक झुबक्यातला पहिला. शेजारचा २ नंबर, त्याच मालात, त्याच प्रेशरला, त्याच फीडला, खणखणीत. वहीचं पान बघून दोघं जरा वेळ गप्पच बसलो.

माल खराब आहे, लॅमिनेट बनवणाऱ्याने नीट क्युअर केलेलं नाही, म्हणजे रेझिन पक्कं होऊ दिलेलं नाही, हा जो दुसरा आवडता संशय असतो तो इथेच संपला, कारण खराब क्युअरला आमचा होल नंबर कसा कळणार. म्हणजे आमच्याच मशीनमधे काहीतरी असं होतं जे हेड, म्हणजे जेट सोडणारा भाग, एका झुबक्यातून दुसऱ्याकडे लांब उडी मारून आल्यावर पहिल्या होलला घडायचं आणि दुसऱ्याला नाही.

पण मग खिडकीचं काय? खिडकी कापायला पण मधे कुठेतरी भोक पाडूनच सुरुवात करावी लागते, आणि तिथे पण हेड लांबून येतं. खिडकीच्या कडा मात्र सगळ्या ठीक होत्या. इथे मी अडकलो होतो आणि काका सरळ उठून स्क्रॅपच्या पेटीकडे गेले. खिडकी कापल्यावर आतला जो लंबगोल तुकडा पडतो तो आम्ही टाकून देतो, सुदैवाने पेटी रिकामी केली नव्हती. १७ तुकडे सापडले. सतराच्या सतरा तुकड्यांवर जिथे जेट पहिल्यांदा मारला होता त्या टिंबाभोवती फुगवटा, काही तर बोटाला लागतील एवढे. म्हणजे खिडकीला पण तोच आजार होता, फक्त आजारी भाग कचऱ्यात जात होता. सुरुवातीचं भोक कडेपासून लांब पाडलेलं, नुकसान दहा-पंधरा मिमी पसरलं तरी ते पार्टपर्यंत पोचायचं नाही. ८ मिमीच्या होलमधे मधोमध जरी जेट मारला तरी कड फक्त ४ मिमीवर, तिथे पसरायला जागाच नाही, ते थेट पार्टच्या आतच शिरणार.

तेव्हा कळलं की आपण दोन दिवस कापण्याकडे बघत होतो आणि भानगड कापायच्या आधीच होऊन जात होती, जेट चालू होतो त्या पहिल्या क्षणाला.

एक खराब होल आम्ही मधोमध चिरला. डायमंड व्हीलने कापून, कड पॉलिश करून साध्या मायक्रोस्कोपखाली धरला. वरून पाचव्या-सहाव्या थरापाशी एक केसाएवढी फट, होलच्या भिंतीपासून आत गेलेली, आणि त्या फटीत गुलाबी दाणे. गार्नेट! काळ्याभोर कार्बनच्या दोन थरांमधे अडकलेली गुलाबी वाळू, इतकी ठळक की मायक्रोस्कोपची पण फारशी गरज नव्हती, भिंगाने दिसली असती. काकांना तरी शंका, "व्हीलने कापताना पाणी मारलं ना तुम्ही, त्या पाण्याबरोबर शिरले असतील दाणे." बरोबर शंका होती. म्हणून दुसरा एक होल कोरडा कापला, मास्क लावून, व्हॅक्यूम क्लीनरची नळी शेजारी धरून. तिथे पण दाणे. म्हणजे फट जेटनेच पाडली होती आणि वाळू पण जेटनेच भरली होती.

त्याच संध्याकाळी एक पॅनल दिव्याखाली जरा कोमट व्हायला ठेवला होता, तासाभराने बघतो तर १, ५ आणि ८ नंबरच्या भिंतीतून बारीक पाण्याचे थेंब बाहेर आलेले. पार्ट कापून दोन आठवडे झाले होते. थरांच्या मधे पाणी तोवर तसंच बसून होतं.

आता हे नेमकं होतं कसं ते सांगतो, कारण इथेच स्टील आणि कंपोझिटची गल्लत होते.

आमचा पंप ३८० मेगापास्कलला चालतो, म्हणजे साधारण ३८०० बार. हे पाणी ०.३३ मिमीच्या ऑरिफिसमधून, म्हणजे बारीक भोकातून, बाहेर पडतं तेव्हा वेग सेकंदाला ८०० मीटरच्या पुढे असतो, हवेतल्या आवाजाच्या वेगाच्या दुपटीहून जास्त. ऑरिफिसच्या खाली एक छोटी मिक्सिंग चेंबर, तिच्यातून हा पाण्याचा धागा जाताना स्वतःच हवा खेचतो, त्या हवेबरोबर बाजूच्या होजमधून, म्हणजे नळीतून, गार्नेट ओढला जातो, आणि मग दोघं मिळून फोकसिंग ट्यूबमधून खाली येतात. १९८० च्या आसपास मोहम्मद हशीश यांनी ही पद्धत उभी केली आणि मूळ रचना अजून तीच आहे. फार सुंदर रचना आहे, वाळू ढकलायला वेगळं काहीच लागत नाही, पाणीच तिला बोलावून घेतं.

पण याचा अर्थ असा पण होतो की पाणी आल्याशिवाय वाळू निघतच नाही. आधी पाणी, मग ओढ, मग होजमधला प्रवास, मग वाळू. त्या मधल्या वेळात मालावर नुसतं पाणी पडत असतं.

स्टीलवर नुसतं पाणी अर्धा सेकंद पडलं तर काय होतं? काही नाही. उडतं आणि परत जातं. वाळू आली की काम सुरू, आधीचा अर्धा सेकंद फुकट गेला एवढंच. लॅमिनेटमधे मात्र फायबरच्या दिशेने माल भयंकर ताकदवान आणि थर-थर जिथे चिकटलेत तिथे फक्त रेझिन. थर एकमेकांपासून ओढून वेगळे करायला लागणारी ताकद काही दहा मेगापास्कलच्या घरात, आणि वरून येणारं पाणी त्याच्या कित्येक पट दाबाचं. पहिला आपटा बसतो तेव्हाच बारीक तडे जातात. मग पाणी खड्डा करतं, पण आरपार जाऊ शकत नाही, कारण आरपार कापायला वाळू लागते. बंद खड्ड्यात वरून मारा चालू, खाली वाट नाही, मागे फिरायला जागा कमी, मग ते तड्यांत घुसतं आणि आडवं थरांमधे जातं, लाकडात पाचर ठोकल्यासारखं. त्यानंतर वाळू येते, तिला पण ही उघडी फट सापडते, काही दाणे आत शिरतात आणि अडकतात, त्यामुळे पाणी थांबल्यावर पण फट मिटत नाही. जेट आरपार गेला की पाण्याला खालून वाट मिळते आणि त्यानंतरचं सगळं कापणं व्यवस्थित होतं. म्हणून भिंत छान दिसते, आणि म्हणूनच फीडशी याचा काही संबंध नाही.

हे सगळं समजलं तरी एक प्रश्न उरलाच होता, पहिल्या होललाच का? उशीर तर प्रत्येक होलला होणार ना?

याचं उत्तर काकांनी दिलं, आणि जरा ओशाळून दिलं. काही महिन्यांपूर्वी होज सारखी तुंबायची, दमट गार्नेटमुळे. हेड लांब सरकताना होजमधे पडून राहिलेली वाळू बसायची आणि पुढच्या कटला जॅम. म्हणून काकांनी प्रोग्रॅममधे टाकलं होतं की उडी लांबची असेल तर आधी गार्नेटची झडप बंद करायची, पाणी एक-दीड सेकंद चालू ठेवून होज पूर्ण रिकामी करायची आणि मगच निघायचं. जवळच्या होलला हे नाही, तिथे नुसतं बंद-चालू. म्हणजे झुबक्यातल्या दुसऱ्या, तिसऱ्या होलला होजमधे, अगदी हेडपर्यंत, आधीचीच वाळू पडलेली असायची, पाणी आलं की लगेच ती पण यायची. पहिल्या होलला मात्र होज रिकामी, वाळूला झडपेपासून हेडपर्यंत सगळा प्रवास करायला लागायचा.

आणि तो प्रवास लांबला होता माझ्यामुळे. गार्नेटचा छोटा हॉपर, म्हणजे साठ्याचा डबा, आधी हेडच्या अगदी वर बसायचा, होज मीटरभराची. तिरपं कापायचं हेड बसवलं तेव्हा हॉपर आड यायला लागला म्हणून मी तो गॅन्ट्रीच्या, म्हणजे हेड ज्यावर सरकतं त्या आडव्या पुलाच्या, टोकाला हलवला, होज झाली साडेतीन मीटर, वर मधे एक झोळ. स्टीलवर ट्रायल घेतली, उत्तम चालली, सही केली. स्टीलने कधी तक्रार केली नाही त्यामुळे ती चूक चूक म्हणून कधी दिसलीच नाही.

उशीर किती हे मोजायला काही खास उपकरण नव्हतं. मोबाईल स्प्लॅशच्या काचेमागे चिकटवला, स्लो मोशन २४० फ्रेमला, टँकवर काहीच न ठेवता जेट मोकळा सोडला, प्रेशर पियर्सिंगला, म्हणजे सुरुवातीचं भोक पाडताना, असतं तेवढंच, आम्ही कानावर मफ लावून लांब. व्हिडिओत स्पष्ट दिसतं, आधी पांढरी बारीक सरळ रेघ, आणि मग अचानक ती रेघ जाड आणि मळकट होते, तीच वाळू. मधल्या फ्रेम मोजल्या. रिकाम्या होजला ११०, म्हणजे जवळजवळ ०.४६ सेकंद. भरलेल्या होजला १५-२० फ्रेम, म्हणजे ०.१ सेकंदाच्या आत. पाच-पाच वेळा केलं, चार-सहा फ्रेम इकडेतिकडे, बाकी तेच. या ऑरिफिसमधून मिनिटाला साधारण ३ लिटर पाणी जातं, त्या हिशेबाने ०.४६ सेकंदात जेमतेम २० मिलीच्या वर थोडं. औषधाच्या बाटलीची दोन झाकणं. तेवढ्या पाण्याने लॉट रिजेक्ट.

इथून पुढे सगळं सरळ व्हायला हवं होतं पण मी घाई केली. मला वाटलं, वाळू उशिरा येते तर झडप आधी उघडू, जेट चालू करायच्या सेकंदभर आधी. केलं. ओढच नाही तर वाळू कुठली नीट यायला, होजच्या झोळात थोडी साचली, थोडी वजनाने घरंगळत ओल्या मिक्सिंग चेंबरमधे पडली आणि चिखल होऊन बसली. मग जेट चालू झाला, फोकसिंग ट्यूब अडलेली, पाण्याला खाली वाट नाही म्हणून ते उलटं होजमधून हॉपरकडे चढलं. साडेतीन मीटर होज आणि अर्धा हॉपर ओलं गार्नेट. अर्धा दिवस ते उपसण्यात गेला, काका एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

मग नीट विचार करून तीन गोष्टी ट्रायल प्लेटवर घेतल्या. पहिली, लॅमिनेटवर एक पातळ टाकाऊ शीट घट्ट क्लॅम्प करायची, म्हणजे नुसत्या पाण्याचा पहिला मार तिने खायचा. फरक पडला, पण शीट आणि पॅनलमधे कुठे जरा फट राहिली की पाणी तिथे पसरतं आणि वरचा थर खराब करतं, आणि प्रत्येक पॅनलला हे क्लॅम्पिंग म्हणजे वेळेचा सत्यानाश. दुसरी, होलच्या मधोमध आधी ड्रिलने ३ मिमीचं भोक पाडून घ्यायचं आणि जेट त्या भोकात चालू करायचा. हे शंभर टक्के चाललं, पाण्याला पहिल्या क्षणापासून खाली वाट आहे, विषयच संपला. ड्रिलने थोडंफार खराब केलं तरी ते होलच्या आतल्या टाकाऊ भागातच. दोन-चार पार्ट असतील, मशीनला काहीच बसवायचं नसेल, तर मी अजून पण हेच सांगेन. पण २८० होलला आधी ड्रिल, मग परत पॅनल तंतोतंत त्याच जागी बसवणं, हे करायचं तर वॉटरजेटवर आणलंच कशाला.

तिसरी म्हणजे व्हॅक्यूम असिस्ट. मिक्सिंग चेंबरला बाजूने एक सक्शन जोडायचं, जे जेट चालू व्हायच्या आधीच होजमधून हवा खेचतं. म्हणजे ओढ पाण्याच्या आधी तयार. झडप उघडली की वाळू हेडपाशी हजर, जास्तीची सक्शनमधून बाहेर, चेंबरमधे चिखल नाही, आणि पाणी आलं की पहिल्या थेंबापासून वाळू सोबत. ही काही आमची अक्कल नाही, ठिसूळ आणि थरांच्या मालाला पियर्सिंग करायला हे किट मिळतंच, आम्ही स्टीलवाले म्हणून कधी घेतलं नव्हतं.

त्याच्या जोडीला पियर्सिंगचं प्रेशर उतरवलं. आधी १०० मेगापास्कलला भोक पाडायचं, आरपार गेलं की मग ३८० वर नेऊन कापायचं. इथे एक खोच आहे, आणि ती मला आधी माहीत असती तर बरं झालं असतं असं वाटतं म्हणून लिहितो. प्रेशर कमी केलं की पाण्याचा मार कमी होतो हे खरं, पण पाण्याची ओढ पण कमी होते, त्यामुळे सक्शन नसेल तर वाळू आणखी उशिरा येते. आम्ही सक्शन बंद ठेवून १०० ला मारून बघितलं, फुगवटा लहान झाला पण गेला नाही, मोबाईलवर उशीर ०.४६ वरून ०.७ च्या पुढे. दोन्ही एकत्र केल्यावरच काम झालं. नुसतं प्रेशर कमी करून कुणी खूश झालं असेल तर त्याने एकदा नाणं वाजवून बघावं.

हॉपर परत हेडजवळ आणला, जरा वाकडा ब्रॅकेट करून, होज सव्वा मीटर, झोळ नाही. काकांची होज रिकामी करायची सवय तशीच ठेवली, ती चुकीची नव्हतीच. शिवाय होजवर एक व्हॅक्यूम सेन्सर बसवला, कापता कापता मधेच गार्नेट तुंबला तर मशीन थांबलं पाहिजे, कारण मधेच वाळू बंद झाली तर परत तेच, नुसतं पाणी आणि समोर आरपार न गेलेला माल. बाकी काही बदललं नाही. ८० मेशचा गार्नेट, मिनिटाला ३५० ग्रॅम, फोकसिंग ट्यूब १.०२ मिमी, नोझल मालापासून २ मिमी वर, फीड मूळ होता तोच. हो, तोच फीड ज्याला दोष दिला होता.

नवीन २० पॅनल कापले. काका परत नाणं घेऊन बसले, मी वही. २८० पैकी झुबक्यातले पहिले ८०, सगळे खणखणीत. कस्टमरच्या अल्ट्रासॉनिकमधे पण साफ निघाले. खिडकीचे २० तुकडे यावेळी टाकले नाहीत, ते पण वाजवले, एकालाही फुगवटा नाही, आणि खरं सांगायचं तर मला होलपेक्षा त्या तुकड्यांचा जास्त आनंद झाला. कस्टमरला रिपोर्ट पाठवताना त्यातला एक जुना आणि एक नवा तुकडा सोबत दिला, त्यांच्या क्वालिटीवाल्यांनी नंतर फीडचं नाव काढलं नाही.

दोन होलला खालच्या बाजूने शेवटच्या थराचे दोन-तीन धागे उचकटले होते. ते वेगळं प्रकरण आहे, होल नेमका टँकमधल्या स्लॅटवर, म्हणजे माल ज्यावर टेकतो त्या पट्टीवर, आला की जेट स्लॅटला आपटून खालून परत उडतो. पुढच्या लॉटला पॅनल १५ मिमी सरकवून लावला आणि ते थांबलं.

आता ते ६७ सोडून उरलेले ३. पहिल्या लॉटमधे जे ७० खराब निघाले त्यातले तीन होल झुबक्यातले पहिले नव्हते. मशीनचा लॉग काढला तर त्यातल्या दोन होलच्या आधी मशीन थांबवून परत चालू केलेलं सापडलं, एकदा दुपारच्या सुट्टीला आणि एकदा गार्नेट भरायला, आणि थांबवताना होज रिकामी होतेच. म्हणजे ते पण पहिलेच होते एका अर्थाने. तिसरा, पॅनल १३ चा ९ नंबर. लॉगमधे काही नाही, आधीचा आणि नंतरचा होल चांगला, चिरून बघितला तर फट तशीच, पाचव्या थरापाशी, गुलाबी दाणे भरलेली. काकांचं म्हणणं की एखादा ओला गोळा होजमधे अडकून सुटला असेल. असेल. तो अर्धा चिरलेला होल अजून माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून पडलाय.